खोकला कधी आलाच नाही

२९ जून २०२३, आषाढी एकादशी. सकाळी मला साडीच्या निऱ्या घालता येईनात.

तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आहे आणि शाळेत कायम साडी नेसूनच गेले. निऱ्यांना आरसा लागत नाही, बोटं आपली आपण काम करतात. त्या दिवशी अंगठा आणि तर्जनी यांत निरी धरली, की पुढची घ्यायला मधलं बोट येईचना. चार-पाच जमल्या की सगळा घोळ निसटून पायाशी पडायचा. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा साडी पलंगावर टाकली आणि ड्रेस घातला. रात्री हात उशीखाली अवघडला असेल, असं ह्यांना सांगितलं. मलाही तसंच वाटत होतं.

मग अक्षर बिघडलं. शाळेतले सुविचार, पाहुण्यांच्या स्वागताचे फलक, दाखल्यांवरची नावं सगळं माझ्याकडेच असायचं. जुलैत फळ्यावर लिहिताना ओळ उजवीकडे खाली उतरायला लागली. शिरोरेघ देताना खडू अक्षरांच्या डोक्यावरून न जाता मधूनच जायचा. मुलं वाचून घ्यायची, पण मला दिसत होतं.

आमच्याकडे वाईत डॉक्टरांनी मानेचा एक्स-रे काढला. मणक्यात गॅप आहे म्हणाले. कॉलर, शेक, बी-१२ ची इंजेक्शनं. त्यांना मी दोष देत नाही. त्रेपन्नाव्या वर्षी कुणाच्याही मानेच्या एक्स-रेत काही ना काही सापडतंच, आणि हात जड झाल्याची तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेकांचं दुखणं खरोखर मानेतच असतं. पण माझी मान दुखत नव्हती. हाताला मुंग्या नव्हत्या. फक्त हात ऐकत नव्हता. हा फरक मला ठासून सांगता आला नाही, आणि त्यात सात आठवडे गेले.

१८ ऑगस्टला, शुक्रवारी, तिसरीच्या वर्गात वजाबाकी घेत होते. फळ्यावर आकडा लिहिता लिहिता अंगठा आपोआप उडायला लागला. मग मनगट, मग कोपर. खडू फळ्यावर टकटक वाजत राहिला. मुलांना वाटलं, बाई गप्प बसायला सांगताहेत, म्हणून वर्ग एकदम शांत झाला. मी पूर्ण शुद्धीवर होते. सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं, पण तोंडाची उजवी बाजू ओढली गेली होती आणि शब्द फुटत नव्हता. दीडेक मिनिटात ते थांबलं आणि हात खांद्यापासून लुळा लोंबकळायला लागला. पुढच्या सतरंजीवरची एक मुलगी उठली, खाली पडलेले खडूचे तीन तुकडे तिने गोळा केले आणि माझ्या डाव्या हातात दिले.

ती फिट होती. फिट म्हणजे माणूस जमिनीवर पडणार, तोंडाला फेस येणार, एवढंच तोवर ठाऊक होतं. मेंदूच्या एका छोट्या भागातून उठणारी फिट अशी एका हातापुरतीही असते आणि त्यात शुद्ध जात नाही, हे मला नंतर समजलं.

साताऱ्याला नेलं. आधी सीटी, दुसऱ्या दिवशी कॉन्ट्रास्ट, म्हणजे गाठ उठून दिसावी म्हणून शिरेतून द्यायचं औषध, देऊन एमआरआय. मेंदूत तीन गाठी निघाल्या. सगळ्यांत मोठी डाव्या बाजूला, जिथून उजवा हात चालतो तिथे, २.१ सेंटिमीटरची, भोवती बरीच सूज. दुसऱ्या दोन बारीक. तिन्हींच्या कडा अंगठीसारख्या चमकत होत्या. आपल्याकडे असं चित्र दिसलं की डॉक्टरांच्या मनात आधी दोन गोष्टी येतात, मेंदूतला टीबी किंवा फीतकृमीच्या गाठी. जगातले सुमारे पाव टीबीचे रुग्ण भारतात आहेत, त्यामुळे ती शंका चुकीची म्हणता येत नाही. छातीच्या एक्स-रेत उजवीकडे वर एक सावली होती. तीही टीबीत बसत होती. दुसऱ्या दिवसापासून टीबीच्या गोळ्या चालू झाल्या.

माझी तक्रार आहे ती इथे. शंका टीबीची होती, पण पुरावा कशाचाच नव्हता. थुंकी तपासली नाही, गाठीचा तुकडा काढला नाही. 'दोन महिन्यांनी एमआरआय करू, गाठी लहान झाल्या तर टीबीच' असं ठरलं. दोन महिने! आज तो हिशोब आठवला की पोटात खड्डा पडतो.

त्या गोळ्यांनी लघवी केशरी होते. दहा दिवस रोज सकाळी तो रंग बघून मी स्वतःला सांगायचे, औषध लागू पडतंय. कारण हात खरंच सुधारला होता. दुसऱ्याच दिवशी पेन धरता आलं. तो गुण टीबीच्या औषधाचा नव्हताच, सोबत दिलेल्या डेक्सामेथासोनचा होता. हे स्टेरॉइड मेंदूतली सूज उतरवतं, गाठ आहे तिथेच असते. घरात मात्र पेढे आणायची भाषा सुरू झाली होती.

मुलगा पुण्यात नोकरीला आहे. त्याने ऐकलं नाही. सीडी आणि रिपोर्ट घेऊन २९ ऑगस्टला आम्हाला तिथल्या एका न्यूरोसर्जनकडे नेलं. त्यांनी विचारलं, खोकला? नाही. थुंकीतून रक्त? नाही. दम लागतो? रोज स्कूटीवरून शाळेत जाते, दोन मजले चढते, नाही. वजन? तीन किलो उतरलं होतं, आणि मी त्यावर खूश होते. मग म्हणाले, "बाई, डोक्यात तीन ठिपके आणि छातीत एक. टीबी असूही शकतो. पण तुकडा तपासल्याशिवाय मी कुठलंच नाव घेणार नाही." छातीचा सीटी त्याच दिवशी झाला. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात ३.२ सेंटिमीटरची गाठ, कडा काट्यांसारख्या.

फुप्फुसातली गाठ फुप्फुसात न कळता मेंदूत कशी कळते, हे मी त्यांना विचारलं. त्यांनी कागदावर हृदय काढून समजावलं. शरीरातल्या बहुतेक अवयवांतलं रक्त हृदयाच्या उजव्या बाजूने फुप्फुसात जातं आणि तिथल्या बारीक जाळीतून गाळून पुढे निघतं. पण गाठ फुप्फुसातच असेल, तर तिच्यातून सुटलेल्या पेशी थेट हृदयाच्या डाव्या बाजूला पोचतात. तिथून निघणाऱ्या रक्तापैकी सुमारे १५ टक्के मेंदूला जातं. वाट सरळ आहे. आणि फुप्फुसाला आतून वेदना कळत नाही. गाठ मोठ्या श्वासनळीपासून लांब, कडेला असेल तर खोकलाही येत नाही. मेंदूत मात्र दोन सेंटिमीटरची गाठ बोटं थांबवते. मेंदूत बाहेरून पसरून आलेल्या गाठींमध्ये सगळ्यांत जास्त फुप्फुसातूनच आलेल्या असतात, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं.

१ सप्टेंबरला बायोप्सी. सीटीच्या टेबलावर पालथं झोपवलं, पाठीत भूल दिली. 'श्वास घ्या, धरा, हलू नका' असं म्हणत सुई आत गेली. दुखलं थोडं, भीती जास्त होती. फुप्फुसातून हवा गळत नाही ना, हे बघायला चार तासांनी एक्स-रे काढला आणि संध्याकाळी सोडलं. सुईची बायोप्सी केली की कॅन्सर पसरतो, असं आमच्या नात्यातल्या तिघांनी फोन करून सांगितलं होतं. माझा तर आधीच मेंदूत जाऊन बसला होता. ती भीती बाळगून तुकडा काढू दिला नसता, तर मी आज काय गिळत असते कोण जाणे.

रिपोर्ट आला ५ सप्टेंबरला, शिक्षक दिनी. सकाळपासून जुन्या विद्यार्थ्यांचे फोन चालू होते. दुपारी ह्यांचा आणि मुलाचा चेहरा बघून मी ओळखलं. आतल्या खोलीत कुजबुज सुरू झाली, तिला एवढ्यात सांगू नका, खचेल. धाकटी जाऊ तर मला टीव्ही लावून देत होती. मी उठून मुलाच्या हातातला कागद घेतला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांची प्रगतिपुस्तकं मी त्यांच्या आईबापांसमोर उघडून दाखवली. माझा कागद मला न दाखवता फिरवावा, हे मला सहन झालं नसतं. अॅडेनोकार्सिनोमा, म्हणजे कॅन्सरचा एक प्रकार. खाली 'टीटीएफ-१ पॉझिटिव्ह', म्हणजे उगम फुप्फुसाचा. मेंदूत पसरलेला, म्हणजे चौथी स्टेज. त्या रात्री आम्ही दोघं गॅलरीत बसलो होतो. हे काहीच बोलले नाहीत, फक्त माझा उजवा हात धरून एकेक बोट दाबत राहिले.

कॅन्सर अंगात आणखी कुठे आहे ते बघणारा पेट स्कॅन एक दिवस पुढे गेला, कारण रक्तातली साखर २६८ निघाली. मला मधुमेह नाही, डेक्सामेथासोनचा परिणाम. रात्री दोन वाजता उठून गूळ-चपाती खायचे, झोप यायची नाही, चेहरा सुजून गोल झाला होता.

आता खरी परीक्षा होती. एका मोठ्या रुग्णालयात सांगितलं, उद्या दाखल व्हा, परवा केमो चालू. घरातल्या सगळ्यांचं मत तेच पडलं, की थांबायचं कशाला? पुण्यातल्या कॅन्सरच्या डॉक्टरांनी मात्र थांबा म्हणून हात वर केला. ते म्हणाले, तुम्ही तंबाखूला कधी शिवला नाहीत, बाई आहात, अॅडेनोकार्सिनोमा आहे. गाठीच्या जनुकांची तपासणी येईपर्यंत दोन आठवडे थांबू, तेवढ्यात मेंदूचं बघून घेऊ. भारतात या प्रकारच्या फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये साधारण चौघांपैकी एकाच्या गाठीत ईजीएफआर नावाच्या जनुकात बदल सापडतो, आणि तो असेल तर गोळीने उपचार होतात. कधीच धूम्रपान न केलेल्यांत हे प्रमाण आणखी जास्त. मी थांबायचं ठरवलं. या सगळ्या प्रवासात अमुक एक निर्णय माझा होता असं म्हणता येईल, तर तो हाच. जिवाची घाई झालेली असताना थांबणं फार कठीण जातं. जनुकांचा रिपोर्ट न बघता सगळ्यांना सरसकट एकच औषध लावायचे दिवस गेलेत, आणि तो मागून घेण्याचा पेशंटला हक्क आहे, असं माझं ठाम मत आहे. प्रकृती थांबण्यासारखी नसेल, दम लागत असेल, तर गोष्ट वेगळी; ते डॉक्टरच ठरवतील.

मधल्या काळात मुंबईला टाटा मेमोरियलमध्ये दुसरं मत घ्यायला गेलो. त्यासाठी स्लाइड आणि ब्लॉक लागतात. तपासणीचे काप काढून झाल्यावर लॅबने ब्लॉक परत दिला, तेव्हा तो मी पहिल्यांदा पाहिला. प्लॅस्टिकच्या छोट्या चौकटीत मेणाचा पांढरा चौकोन आणि त्यात शेवईच्या तुकड्याएवढे दोन करडे धागे. माझ्या छातीतून निघालेले. पुढचं सगळं त्या दोन धाग्यांवर ठरणार होतं. ह्यांनी तो रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवला आणि सिंहगड एक्स्प्रेसमध्ये पुण्यापासून दादरपर्यंत खिशावरचा हात काढला नाही. मेण वितळेल म्हणून खिडकीशी उन्हात बसले नाहीत.

१९४१ साली सुरू झालेलं ते रुग्णालय. परळच्या फुटपाथवर पिशव्या, स्टोव्ह, फायली घेऊन देशभरची माणसं बसलेली. रांगेत सोलापूरकडची एक बाई भेटली, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरली होती. तिच्या नवऱ्यालाही आधी टीबीचीच औषधं दिली होती, सहा महिने. तिने मला विचारलं, "मिश्री लावता का ओ?" नाही म्हटलं. हा प्रश्न तोवर मला पंचवीस जणांनी विचारला असेल. नाही म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर थोडा अविश्वास उमटतो. मिश्री माझी आई लावायची, मी नाही. पण लग्न होईपर्यंत चुलीपुढे बसून भाकऱ्या मीच थापल्या, डोळे चोळत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने लाकडाच्या चुलीच्या धुराला संभाव्य कारण म्हटलं आहे, आणि हवेच्या प्रदूषणाला २०१३ मध्ये निश्चित कारणांत घातलं आहे. माझा नेमका कशाने झाला हे कुणीच सांगू शकत नाही. आणि ज्याने विडी ओढली त्याला झाला, तर त्याच्या वाट्याला औषध आणि माया कमी यावी का? मला तो प्रश्नच आता नकोसा होतो.

टाटातही मत तेच पडलं, जनुकांचा रिपोर्ट येऊ द्या.

मेंदूच्या गाठींसाठी दोन मार्ग सांगितले होते. पूर्ण डोक्याला दहा दिवस रेडिएशन, किंवा फक्त गाठींवर नेमका मारा, रेडिओसर्जरी. गाठी तीनच आणि लहान, म्हणून दुसरा. पूर्ण डोक्याच्या रेडिएशनने स्मरणशक्तीवर परिणाम होऊ शकतो, आणि मला पाढे विसरून चालणार नव्हतं. गरम पाण्यात भिजवून मऊ केलेली प्लॅस्टिकची जाळी चेहऱ्यावर ताणून बसवतात. काही मिनिटांत ती थंड होऊन घट्ट होते, आणि तुमचा मुखवटा तयार. १५ सप्टेंबरला तो टेबलाला अडकवून मला आत सरकवलं. चीरफाड नाही, वेदना नाही. पापणी हलवली की जाळी टोचायची, एवढंच. मी मनात तेरा ते एकोणीसपर्यंतचे पाढे म्हटले. बाहेर आले तेव्हा गालांवर जाळीचे चौकोन उमटले होते.

हरतालिकेच्या दिवशी, १८ सप्टेंबरला, मुलाचा फोन आला. ईजीएफआर, त्या जनुकाच्या एक्झॉन १९ नावाच्या तुकड्यातला बदल. "आई, गोळीचा आहे," एवढंच बोलला आणि रडायला लागला. हा बदल गाठीत झालेला असतो, सहसा आईबापाकडून आलेला नसतो. त्यामुळे माझ्या मुलीला त्याची तपासणी लागणार नाही, हे डॉक्टरांनी सांगितल्यावर तीही रडली.

ऋषिपंचमीला पहिली गोळी घेतली. ओसिमर्टिनिब, ८० मिलिग्रॅम, दिवसाला एक. मेंदूभोवती जी गाळणी असते तिच्यातून हे औषध चांगलं पलीकडे जातं, म्हणून माझ्यासाठी ते महत्त्वाचं. टीबीच्या गोळ्या पुण्यात आधीच बंद केल्या होत्या. त्यातलं रिफॅम्पिसिन आणि साताऱ्यात फिटसाठी दिलेलं फेनिटोइन ही दोन्ही औषधं या गोळीचं रक्तातलं प्रमाण उतरवतात, म्हणून फिटसाठी लेव्हेटिरासिटॅम दिलं. कुठल्याही नव्या डॉक्टरसमोर चालू गोळ्यांची सगळी यादी ठेवायची सवय तेव्हापासून लागली.

पैशांचं बोलायलाच हवं. गोळीचा खर्च महिन्याला लाखांच्या घरात होता. कंपनीच्या सवलतीच्या योजनेत काही महिन्यांचे पैसे भरले की पुढच्या गोळ्या मिळत, त्यात ह्यांची ठेव मोडली आणि माझ्या पाटल्या गेल्या. उपचाराचा खर्च सरकारकडून परत मिळवायची, प्रतिपूर्तीची फाइल एका कार्यालयातून तीनदा परत आली, एकदा तर फक्त एका बिलावर शिक्का पुसट म्हणून. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात तीन कॅन्सर औषधांवरचं सीमाशुल्क काढलं, त्यात हे होतं. पुढे जीएसटीही १२ वरून ५ टक्क्यांवर आला. ज्यांना एवढंही झेपत नाही त्यांच्यासाठी जेफिटिनिब ही जुनी, कितीतरी स्वस्त गोळी आहे. टाटाच्याच डॉक्टरांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नुसत्या जेफिटिनिबने आजार निम्म्या रुग्णांत ८ महिने किंवा जास्त आटोक्यात राहिला, सोबत केमो दिल्यावर १६ महिने. हे मला डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा सोलापूरच्या त्या बाईचा नंबर घेतला नाही, याची हळहळ वाटली.

गोळीने केस गेले नाहीत. पण बोटांना नखुरडी झाली, इतकी की मटार सोलता येत नव्हता. जुलाब, तोंड येणं, कातडी सुकणं. खोबरेल आणि मिठाचं कोमट पाणी यांवर बरंच निभावलं. स्कूटी बंद झाली, फिट आल्यावर गाडी चालवायची नाही. आता हे सोडायला येतात.

डिसेंबरच्या एमआरआयत लहान गाठी दिसल्या नाहीत, मोठीची एक खूण उरली होती. छातीतली गाठ निम्म्याहून कमी झाली. जून २०२४ ला शाळेत रुजू झाले. या गोळीच्या मोठ्या चाचणीत आजार आटोक्यात राहण्याचा मधला आकडा १८.९ महिने आहे. मुलाने तो माझ्यापासून लपवला होता, मी शोधून काढला आणि कॅलेंडरवर मोजून एप्रिल २०२५ वर पेन्सिलीने खूण केली. मधला आकडा म्हणजे निम्मे त्याच्या आधी, निम्मे त्याच्यानंतर. गणित मीच शिकवते. एप्रिल गेला, खूण खोडली नाही. गोळीला आज बावीस महिने झाले. कधीतरी ती लागू पडायची थांबेल, हे डॉक्टरांनी सांगितलं आहे आणि मी ऐकलं आहे. तेव्हा पुन्हा तुकडा काढायचा, पुन्हा नाव विचारायचं.

उजव्या हाताची करंगळी अजून थोडी मागे राहते. निऱ्या घालते, वेळ लागतो, सहाऐवजी पाचच घालते. तिसरीतली ती मुलगी आता पाचवीत आहे. परवा फळ्यावर मी शिरोरेघ देत होते, तेव्हा दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "बाई, सरळ आलीय."

गुरुवारी पुढचा एमआरआय आहे. त्याआधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चालते ते सांगणारी रक्ताची तपासणी, करून ठेवायची, कॉन्ट्रास्टसाठी लागते. उद्या शाळा सुटल्यावर रक्त द्यायला जाणार आहे.